सगळ्याला बसणारा पट्टा

माझ्या भाच्याला घरात सर्वज्ञ म्हणतात. हे नाव त्याला कौतुकाने मिळालेले नाही, हे त्याच्याखेरीज सर्वांना ठाऊक आहे. कोणतीही वस्तू बिघडली की तो प्रथम तिच्याविषयीचा एक व्हिडिओ अर्धा पाहतो आणि स्क्रू ड्रायव्हर उचलतो. उरलेला अर्धा पाहण्याची गरज वस्तू उघडल्यावर भासते. पण तोपर्यंत हात काळे झालेले असतात आणि मोबाइल धरता येत नाही.

त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. ताई एकटी राहते आणि कोपऱ्यावरच्या सलूनचे टॉवेल धुऊन देते. भावजी गेल्यावर तिने हे काम धरले. घरादाराला ते कमीपणाचे वाटते. त्या कामामुळे ताईला कोणापुढे हात पसरावा लागत नाही, हे त्याच घरादाराला अधिक टोचत असावे.

तर ताईचे वॉशिंग मशीन अडले. पाणी भरे, मोटर गुणगुणे, पण ओल्या टॉवेलांचे वजन पडले की आतला ड्रम जागचा हलत नसे. रिकामा ड्रम मात्र झोकात फिरे, आमच्या कुटुंबातील काही कर्त्या पुरुषांप्रमाणे.

सर्वज्ञाने मागचे झाकण उघडून, मोटरीपासून ड्रमच्या मोठ्या चाकापर्यंत जाणारा रबरी पट्टा सैल पडल्याचे ओळखले. निदान बरोबर होते. ते श्रेय त्याचे त्याला दिले पाहिजे. पुढे त्याने तो जुना पट्टा काढला, टेपने काळजीपूर्वक मोजला आणि नेमक्या तेवढ्याच लांबीचा नवा पट्टा आणून चढवला. ताणून ताणून वाढला म्हणून जो पट्टा बदलायचा, त्याचेच माप प्रमाण मानले! तापकऱ्याच्या अंगाला थर्मामीटर लावून निरोगी माणसाचे तापमान ठरवावे, तसा हा प्रकार. नवा पट्टा पहिल्या फेऱ्यापासूनच जुन्याइतका घसरू लागला.

मी शनिवारी गेलो तेव्हा ताई मोरीत बसून हाताने टॉवेल पिळत होती आणि सर्वज्ञ मशीनचा मृत्यू जाहीर करीत होता.

"मोटर गेली, मामा. पट्टा तर नवा कोरा घातलाय. दुकानदार म्हणाला, हा सगळ्याला बसतो."

"बसतो रे. पण फिरवतो का? दुकानदाराला मॉडेल नंबर काय सांगितलास?"

"नंबर कशाला? फोटो दाखवला की."

"पट्ट्याचा?"

"मशीनचा. समोरून."

भाचेसून दारातच उभी होती. "मामा, तुम्ही तरी कशाला त्या खटाऱ्यापायी जीव काढताय? आईंसाठी आम्ही खोली केलीय रिकामी."

ती खोली मी पाहिली होती. सायकल आणि इस्त्रीचे टेबल यांच्यामध्ये एक माणूस आडवा मावेल एवढी जागा, तीही त्याने कूस बदलायची नाही या अटीवर.

"आणि छोटीला आजीवाचून करमत नाही हो," तिने पुस्ती जोडली. छोटीला सांभाळणाऱ्या बाई काम सोडून चालल्या आहेत, हा योगायोग सांगायचा मात्र ती विसरली. तो ताईला छोटीनेच सांगितला होता.

सर्वज्ञाने रविवारी संध्याकाळी भंगारवाल्याला परस्पर बोलावून ठेवले होते. सोमवारी सकाळी टॉवेल मिळाले नाहीत तर काम लाँड्रीला देईन, असे सलूनवाल्याने बजावले होते. मशीन गेले की काम जाणार आणि काम गेले की ताई सायकलीशेजारी.

ताई हात पुसत उठली. "तू बघ एकदा. नसेल जमत तर तसं स्पष्ट सांग. मग मी बॅग भरते."

या जातीच्या मशीनची माहितीपट्टी त्याच्याच दाराच्या चौकटीत असते. तेथे मला गुलाबाची फुले दिसली. मी नखाने एक पाकळी उचलली.

"अहो मामा, ते काढू नका! मी लावलाय तो कागद. मशीन नवीन दिसतं त्यानं!"

"दिसण्यावर टॉवेल धुतले जात असते, तर तू आतापर्यंत लाँड्री काढली असतीस," ताई म्हणाली.

फुलांखाली पट्टी शाबूत होती. मी तिच्यावरचा नंबर उतरवून घेतला, सुट्या भागांच्या विक्रेत्याला फोन केला आणि या मॉडेलला लागणारा पट्टा रविवारी दुपारी घेऊन आलो. सर्वज्ञाने तो आपल्या पट्ट्याशेजारी धरला. त्याचा चेहरा उजळला.

"फसवलं तुम्हाला, मामा! हा आखूड आहे!"

"आखूडच असतो. ताणूनच चढवायचा. तू आधी भिंतीतून वायर काढलीस का?"

त्याने काढली नव्हती. ती मी काढली. पट्टा प्रथम मोटरीच्या बारीक चाकावर अडकवला, मग मोठ्या चाकाच्या काठावर धरून ताईला चाक हळूहळू फिरवायला सांगितले. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. पट्टा कुरकुरला, ताणला गेला आणि खाचांत पक्का बसला. आम्ही ओले टॉवेल भरले. ड्रम एकदा कण्हला आणि फिरू लागला. भाचेसुनेने नवऱ्याकडे असे पाहिले की, त्या नजरेपुढे मोटर जळाली असती तरी परवडले असते.

टॉवेलांचा पहिला घाणा दोरीवर गेला होता आणि दुसरा पिळून निघत होता, तोच भंगारवाला खांद्यावर दोर टाकून दारात आला. तो क्षणभर ऐकत राहिला.

"साहेब, हे तर चालू आहे."

"तात्पुरतं आहे हो ते," सर्वज्ञ घाईने म्हणाला. "तुम्ही न्या."

मशीन नेमके त्याच वेळी थांबले, त्यामुळे ते वाक्य खोलीत एकटेच उरले.

ताईने दोरीवरच्या टॉवेलाची घडी सरळ केली. "न्या?"

"आई, तसं नव्हतं म्हणायचं मला. छोटीचं कोण बघणार, म्हणून जरा..."

"मग तसं म्हणायचं. सकाळी तिला इथं आणून सोडायची, संध्याकाळी वेळेवर न्यायची. टॉवेल वाळत घालता घालता बघेन मी तिला. तुझ्या सायकलीशेजारी मात्र मी यायची नाही."

भाचेसून काही बोलू पाहत होती. तिच्या हाती ताईने ओल्या टॉवेलांची बादली दिली.

भंगारवाला अवघडून उभा होता. "माझी खेप फुकट गेली की, आजी."

"फुकट कशाला?" ताईने मशीनवरचा सैल पट्टा उचलून त्याच्या हातात ठेवला. "हा घेऊन जा."

त्याने तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "नवाच दिसतोय. कशाला बसतो हा?"

ताईने लेकाकडे पाहिले.

"सगळ्याला," ती म्हणाली.