कोपर

“या खुर्चीशी बोलू?” द्रौपदाबाईनं विचारलं. “हाई आयकस का?”

डॉक्टरीणबाई नुसत्या हसल्या. पुण्याहून मनाचं डॉक्टरपण शिकून आलेल्या, जळगावात दवाखाना नवा. दवाखाना तरी कसला! औषधाची एक बाटली नाही, खोलीत भिंतीशी एक बाक आणि मधे तीन खुर्च्या तेवढ्या. एवढ्यासाठी धुळ्याहून एसटीत हाडं खिळखिळी करून आणलं होय पोरीनं? द्रौपदाबाईनं लेकीकडे असं पाहिलं, की वच्छला मांडीवर निजलेल्या छबीलाच उगाच थोपटू लागली.

द्रौपदाबाई पाचव्या गल्लीची न्हाऊ घालणारी. चाळीस वर्षं बाळंतिणी आणि बाळं तिच्या हातची. पाण्यात बोटाचं टोक बुडवून ‘बरंय’ म्हणणाऱ्या सुनांची ती चारचौघींत टर उडवायची. “ते बोट चुना चाटाले ठेव. पानी कोपरघाई पाहतस!” आणि त्याच कोपरानं बरं ठरवलेल्या पाण्यानं तिच्या सख्ख्या नातीची, छबीची, पोटरी भाजली. लिंबाच्या फोडीएवढा डाग राहिला. तेव्हापासून ती कुणाचा उंबरा चढली नाही, जेवण टाकलं, छबीला शिवली नाही. आठ दिवसांनी वच्छला पिंपळनेरला सासरी जाणार होती. त्याआधी आईनं पोरीला एकदा तरी घ्यावं, एवढंच तिचं म्हणणं.

“तुम्हाला दिवसभर आतून टाकून बोलणारी ती बाई या खुर्चीत बसते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “इथं बसा, आणि समोरच्या खुर्चीतल्या द्रौपदाबाईला सुनावा.”

सुनावायला काय, द्रौपदाबाईला शिकवावं लागतंय थोडंच! ती टेकली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर तोंड सोडलं. “मोठी न्हाऊ घालनारी! कोपर म्हने कोपर! म्हैस धुवानी लायकी नही तुनी. लोकेसना पोरीसले हसे ना तू? हास आते! थू तुना जिनगानीवर!”

वच्छलाचा हात थांबला. ही बोलणी तिनं अनेकदा ऐकली होती. फक्त आजवर ती दुसऱ्यांच्या सुनांना होती.

“आता तिसरी खुर्ची,” डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. “तिथं माया करणारी बाई बसते. ती द्रौपदाबाईला काय म्हणेल?”

द्रौपदाबाई तिसऱ्या खुर्चीजवळ गेली. तिच्यावर हात फिरवून पाहिला. मग तिला एकदम हसू फुटलं.

“खुर्चीवर बठीसन कोन माया करस वं, बाई? माया करानी शे त खाले बठनं पडस.”

“मग बसा ना खाली.”

तिनं फरशीवर बसकण मारली. लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि दोन्ही पाय लांब केले, न्हाऊ घालायला बसावं तसे. पाय मोकळेच होते. समोरची खुर्चीही रिकामी. बराच वेळ ती त्या खुर्चीकडे पाहत राहिली. बोलली तेव्हा आवाज वेगळा होता. नव्या बाळंतिणी पहिल्या दिवशी हुंदके देत, तेव्हा त्यांना समजावतानाचा.

“रडू नको, माय. त्या दिन दोन घरनं न्हानं करीसन तिसरं घर व्हतं तुनं. कढत पानीमा चाळीस वरीस घालं कोपर. ते मरी गयं शे, माय. त्याले आते कळत नही. तुले ठाऊक व्हतं... तू कोनले सांगं नही.”

छबीनं झोपेत ओठ चोखले.

परतीच्या एसटीत वच्छलानं भीत भीत विचारलं, “कसं वाटनं?”

“लाकूडशी बोलाले लावस. याड लागेल शे तुनी डॉक्टरीनले.”

पण दुसऱ्या दिवशी सकाळी द्रौपदाबाईनं बंब पेटवला. पाणी विसणलं, तेलाची वाटी घेतली, पाय पसरून मोरीत बसली. सवयीनं बाही वर सारून कोपर बादलीत बुडवलं. बुडवून तसंच ठेवलं.

“वच्छले,” तिनं हाक मारली, “आठे ये. तुनं कोपर घाल.”

वच्छलानं छबीला कडेवर घेतलं, खाली वाकली, आणि आईच्या कोपराशेजारी आपलं कोपर पाण्यात घातलं.

“जरा कढत शे, आई.”

“वत मंग गार,” द्रौपदाबाई म्हणाली, आणि छबीला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.