कोटातली माया

गल्लीत टेलरबाईंचा दरारा होता. जाकीट सैल करायला आलेल्या गिऱ्हाइकाला "कापडाला दोष देऊ नका, जिभेला द्या" असं त्या तोंडावर सुनावायच्या आणि संध्याकाळच्या आत जाकीट सैल करूनही ठेवायच्या. मोठी कात्री, तापलेली इस्त्री, भांडकुदळ गिऱ्हाईक, कशालाच त्या भीत नसत. म्हणून त्यांच्या यजमानांना हसावं की रडावं ते कळेना.

"अगं, दिवसभर तोंडात टाचण्या धरून बोलतेस," ते म्हणाले, "आणि कुत्र्याला चिप बसवायला एक सुई टोचायची म्हटलं तर तुझं तोंड एवढंसं होतं?"

"जाड असते म्हणे ती सुई. आधी स्वतःला टोचून घ्या, मग सांगा."

"मला कशाला चिप? मी हरवलो तर तू थोडीच शोधायला येणार आहेस!"

एरवी बाईंनी याला चोख उत्तर दिलं असतं. आज त्या नुसत्या सुईत दोरा ओवत बसल्या, आणि दोरा काही केल्या नेढ्यात जाईना.

टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बॉबिन झोपला होता. बदामी रंगाचा, मांजराहून जेमतेम मोठा, आणि अंगावर केस एवढे की पुढचं टोक कुठलं नि मागचं कुठलं ते शेपूट हलल्याशिवाय समजू नये. शिलाई मशीन सुरू झालं की मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखा स्वतःभोवती गरगर फिरायचा, म्हणून बॉबिन. यजमान शाळेची बस चालवायचे. दुपारी घरी आले की आधी त्याच्या पोटाला गुदगुल्या करायचे आणि मग बायकोकडे बघायचे.

चिपचा विषय निघाला तो मागच्या आठवड्यात. एका गिऱ्हाइकाने जाताना दुकानाचं दार उघडं टाकलं, बाहेर ट्रकचा टायर फुटला आणि त्या आवाजाने बॉबिन जो सुटला तो दिसेनासाच झाला. बाई हातात टेप तशीच घेऊन रस्त्यावर धावल्या. अर्धं गाव पालथं घातलं, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. शेवटी यजमानांना तो गॅरेजमागे एका बंद गाडीखाली सापडला, थरथरत बसलेला. त्यांनी त्याला रिकाम्या बसमध्ये घालून घरी आणलं आणि त्याच दिवशी जाहीर केलं, "याला चिप बसवायची. दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली घालतात. कुणाला सापडला तर डॉक्टर वरून मशीन फिरवतात, मशीन वाजतं आणि मालकाचं नाव, फोन, सगळं कळतं. आपल्याकडे आला नाही असं होणारच नाही."

बाईंनी जाड सुईचं निमित्त काढलं ते तेव्हाच. कारण भीती सुईची नव्हतीच. भीती होती त्या मशीनची. नवी चिप घालण्याआधी जुनी आहे का ते बघायला डॉक्टर मशीन फिरवणार. आणि ते वाजणार, अशी बाईंची खात्रीच होती.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्या दुकान उघडायला गेल्या, तर शटरला अंग चिकटवून हे पिल्लू बसलेलं. "बेवारशी दिसतंय," असं त्यांनी यजमानांना सांगितलं आणि यजमानांनी ते खरं मानलं. त्याच्या गळ्यात चामड्याचा सुरेख पट्टा होता, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ज्याच्या गळ्यात पट्टा त्याला कुणीतरी मालक असणार, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. पिल्लाने त्यांचा अंगठा चाटला. बाईंनी मोठी कात्री घेतली, पट्टा कापला आणि चिंध्यांच्या पोत्यात तळाशी दडपला. पोतं गेलं, पट्टा गेला. पुढे कित्येक महिने त्या बसथांब्याकडे जाणाऱ्या रस्त्याने फिरकल्या नाहीत. तिथल्या भिंतीवर हरवलेल्या कुत्र्याचा फोटो लागला असेल तर तो त्यांना बघायचा नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं. पण पहिल्या थंडीत त्यांनी बॉबिनला कोट शिवायला घेतला. माप घेताना टेप पाठीवरून फिरली आणि दोन खांद्यांच्या मध्ये त्यांच्या बोटाला काहीतरी लागलं. कातडीखाली. बारीक, टणक, बोटाखाली सरकणारं. त्यांनी तेव्हा मनावर घेतलं नाही. दोनच दिवसांनी एक बाई पँट आखूड करायला आल्या आणि उभ्या उभ्या आपल्या कुत्र्याचं कौतुक सांगू लागल्या. "चिप बसवली हो त्याला. तांदळाच्या दाण्याएवढी असते, दोन खांद्यांच्या मध्ये." टेलरबाई खाली बसून पँटला टाचण्या लावत होत्या. तोंडातली टाचणी गिळायचीच बाकी राहिली.

तेव्हापासून त्यांनी त्या जागेला हात लावला नाही. डोकं खाजवायच्या, पोट चोळायच्या, पंजे पुसायच्या, पण पाठ वर्ज्य. यजमानांनाही दटावलं, "पाठीला हात लावू नका, त्याला आवडत नाही." झाकली मूठ सव्वा लाखाची. दुकानाची घंटी वाजली की मात्र हातातलं काम टाकून आधी दाराकडे बघायच्या. एकदा एक म्हातारी बाई दारात उभी राहून बॉबिनकडे टक लावून बघत राहिली. "तुमचाच का हो हा?" तिने विचारलं. म्हातारीचा कुत्रा काळा होता आणि कधीच मरून गेला होता, हे तिने सांगेपर्यंत टेलरबाईंनी कुणाच्या तरी चांगल्या शर्टाची बाही उलटी जोडून ठेवली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आता यजमान रोज विचारत होते आणि बाई रोज टाळत होत्या. आज शिलाईची घाई, उद्या डोकं दुखतंय, परवा थंडी फार. पण बॉबिन हरवला ती दुपार काही डोक्यातून जाईना. तेवढ्या वेळात त्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. मग ज्या कुणाचा पट्टा त्यांनी कापला त्याची दोन वर्षं कशी गेली असतील? हा विचार आला की त्या जोरात मशीन चालवायच्या. दुसरा विचार त्याहून वाईट होता. उद्या बॉबिन पुन्हा पळाला आणि तिसऱ्याच कुणी त्याला डॉक्टरकडे नेलं, तर मशीन वाजेल आणि फोन जाईल तो भलत्याच घरी. आपल्याला कळणारसुद्धा नाही. आपण हाका मारत रस्त्याने फिरत राहू.

"चला," शनिवारी सकाळी त्या एकदम म्हणाल्या. "काय व्हायचं ते होऊन जाऊ दे."

"देव पावला!" यजमान म्हणाले आणि बाईंचा विचार बदलायच्या आत चपला घालून तयार झाले.

बाहेर गारठा होता. बाईंनी बॉबिनच्या अंगावर कोट टाकला आणि पोटाखालचा पट्टा लावला. कोट तोच, पहिल्या थंडीतला. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिवणारी माणसं माया म्हणतात. पुढेमागे अंग भरलं तर शिवण उसवून तेवढा कपडा मोठा करता येतो. बॉबिनच्या कोटात बाईंनी भरपूर माया ठेवली होती. मागच्या थंडीत पाठीवर कोट ताणला म्हणून त्यांनी ती थोडी सोडली. या थंडीच्या सुरुवातीला पुन्हा सोडली. दोन्ही वेळा माप घेतलं नाही, नुसत्या अंदाजाने शिवलं. गिऱ्हाइकाचा रुमालही मापाशिवाय न कापणाऱ्या बाई त्या!

आज कोट पाठीवर पुन्हा ताणलेला दिसला.

"तुमची बिस्किटं," त्या यजमानांवर खेकसल्या. "फुगलाय नुसता."

पोटाखालचा पट्टा पहिल्या थंडीतल्या त्याच भोकात बसत होता. त्याकडे त्यांनी बघितलं नाही.

दवाखान्याची डॉक्टर तरुण होती, हसतमुख. तिने बॉबिनचा कोट काढून बाईंच्या हातात दिला आणि त्याला टेबलावर उभं केलं. "काय रे चिमण्या, घाबरलास?" बॉबिन मुळीच घाबरला नव्हता, तो तिचा कोपर चाटत होता. "आधी जुनी चिप नाही ना ते बघू," डॉक्टर म्हणाली आणि तिने भिंतीवरचं चपटं मशीन काढलं.

मशीन मानेवरून निघालं. खांद्यांवर आलं. बाईंनी कोट दोन्ही मुठींत आवळला. मशीन पाठीवरून शेपटीपर्यंत गेलं, दोन्ही कुशींवरून फिरलं आणि परत खांद्यांवर आलं.

"काही नाही," डॉक्टर म्हणाली. "नव्यानेच घालायची."

बाईंना आधी ते कळलंच नाही. मग कळलं, आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या. नाही! चिप नाही! म्हणजे कुणी येणार नाही, फोन जाणार नाही, कुणी दारात उभं राहून 'आमचा तो' म्हणणार नाही. त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. यजमान चकित होऊन बघत राहिले.

"एवढी घाबरली होतीस सुईला?" ते म्हणाले.

"घाला हो डॉक्टर चिप," बाई म्हणाल्या. "कितीही जाड सुई असू दे. माझं नाव घाला."

डॉक्टरने सुईची जागा बघायला खांद्यांवरचे केस बाजूला केले. तिचा हात थांबला. दुसऱ्या हाताने तिने तीच जागा चाचपली, मग दोन बोटांत धरली. तिचं हसू गेलं होतं.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"कसली गाठ?" यजमान म्हणाले.

"ही बघा. चांगली अक्रोडाएवढी आहे. केसांत दिसत नाही, पण हाताला लगेच लागते." डॉक्टर बाईंकडे वळली. "तुमच्या लक्षात आली नाही कधी?"

बाईंच्या डोळ्यांपुढे तो तांदळाचा दाणा आला, बोटाखाली सरकणारा.

"आली होती," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी. एवढीशी होती. मला वाटलं ती चिप आहे."

"चिप?" यजमान म्हणाले. "बेवारशी कुत्र्याला कोण चिप घालतं?"

"बेवारशी नव्हता हो तो." बाईंनी मान वर केली नाही. "गळ्यात पट्टा होता. मी कापला."

यजमानांनी बॉबिनच्या गळ्याकडे बघितलं. डॉक्टरला त्या भानगडीत पडायचं नव्हतं. तिने हळू आवाजात विचारलं, "हे महत्त्वाचं आहे म्हणून विचारते. सगळ्याच गाठी वाईट नसतात. वर्षानुवर्षं तेवढीच राहिली तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. ही वाढत गेली का? अलीकडे भराभर वाढली का?"

"मी हात लावला नाही," बाई म्हणाल्या. "तिथे मी पुन्हा हातच लावला नाही."

त्यांच्या मांडीवर कोट होता. त्यांनी तो उलटा केला, कारण उत्तर कुठे आहे ते त्यांना आता ठाऊक होतं. पाठीच्या शिवणीशेजारी उसवलेल्या जुन्या टाक्यांची भोकं दिसत होती. पहिली ओळ अगदी आतली. तिच्यापासून दोऱ्याभराच्या अंतरावर मागच्या थंडीतली. आणि तिच्यापासून चांगली बोटभर लांब, या थंडीतली, अजून न उसवलेली. त्या ओळीच्या पलीकडे आता कापड उरलंच नव्हतं. कितीही कपडे शिवले असतील त्यांनी, पण शिवण वाचताना अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

"वाढलीय," त्या म्हणाल्या. "आधी हळू वाढत होती. आता भराभर."

डॉक्टरने मान हलवली. सुईने त्यातलं थोडं काढून तपासायला पाठवावं लागेल, कदाचित गाठ कापून काढावी लागेल, आधी आली असती तर सोपं गेलं असतं, आताही काही सांगता येत नाही, असं बरंच काही ती बोलली. चिपचं मग बघू, म्हणाली. यजमान 'हो, हो' करत राहिले आणि बॉबिनच्या कानामागे हात फिरवत राहिले. बाईंना त्यातलं निम्मंच ऐकू आलं. त्या भिंतीवर परत टांगलेल्या मशीनकडे बघत होत्या.

"डॉक्टर," त्या मध्येच म्हणाल्या, "ते मशीन पुन्हा एकदा फिरवता?"

"चिप नाहीये हो त्याला. मी दोनदा बघितलं."

"नीट बघा ना. बरोबर गाठीवर. मशीनच आहे ते, चुकतं कधी कधी. माझं मशीनसुद्धा मध्येच टाका सोडतं."

यजमानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, वाजलं तर तो आपला राहायचा नाही."

"नको राहू दे," बाई म्हणाल्या. "ज्याचा असेल त्याच्याकडे जाऊ दे. मी स्वतः नेऊन देते."

डॉक्टरने यजमानांकडे बघितलं, मग मशीन काढलं. बाईंनी बॉबिनचं डोकं दोन्ही हातांत धरलं. ज्या आवाजाचा त्यांनी दोन वर्षं धसका घेतला होता, त्याच आवाजासाठी त्या कान देऊन उभ्या राहिल्या. मशीन गाठीवर आलं आणि तिथेच थांबलं. बॉबिनने त्यांचा अंगठा चाटला.

मशीन वाजलं नाही.

"अजून एकदा," बाई म्हणाल्या.