सर्वांत मोठा मथळा

बळीराम गावंडांनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी वेबसाइट बनवायला शिकायचं मनावर घेतलं, तेव्हा पळस्प्याजवळच्या त्यांच्या गावात हसायचं कुणी बाकी राहिलं नाही. ज्या माणसाला मोबाइलवर आलेला साधा गुड मॉर्निंगचा फोटो पुढे धाडता येत नाही, तो म्हणे वेबसाइट काढणार! बळीरामबाबांनी हसणाऱ्यांना हसू दिलं, खांदा कॉलनीतल्या एका क्लासात नाव घातलं आणि प्रणितचा, म्हणजे मुलाचा, जुना लॅपटॉप पिशवीत घालून रोज सकाळी रिक्षाने जायला लागले.

कशासाठी, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सगळा खटाटोप बायकोसाठी होता. हौसाबाई धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पुढचे विधी सांगायचे आणि त्या त्या वेळचे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायची, हे तिचं काम. एके काळी लग्नसराई लागली की तिला घरी जेवायला सवड नसे. मग मांडवात डीजे आला, पाठोपाठ भटजी आले, आणि धवलारीण कुणाच्या लक्षातही राहीना. गेल्या वर्षी एकच बोलावणं आलं. यंदा तेही नाही. परवा शेजारी हळद होती. भिंतीपलीकडे डीजे दणाणत होता आणि हौसाबाई दार लावून वाल सोलत बसली होती. तिचे ओठ हलत होते, आवाज मात्र फुटत नव्हता. ते बळीरामबाबांनी बघितलं. या हंगामात हिला एक तरी बोलावणं आणून द्यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं.

क्लासात शिकवणारी वल्लरी त्यांच्या लेकीच्या वयाची होती. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, इथे जी खूण, म्हणजे टॅग, उघडाल ती बंद करायची. नाहीतर खालचं सगळं बिघडतं."

"म्हंजे गोठ्याचा दार," बळीरामबाबा म्हणाले. तेवढं त्यांना पक्कं समजलं. बाकी बोटांचा आनंदच होता. एकेक अक्षर शोधायला इतका वेळ लागे की तोवर पुढचा शब्द डोक्यातून जाई. एकदा एक खूण बंद करायची राहिली आणि सगळं पान ठळक अक्षरांत ओरडायला लागलं. पण माणूस चिकट. पंधराव्या दिवशी त्यांनी स्वतःचं पान वल्लरीपुढे ठेवलं.

वल्लरी वाचत खाली गेली, आणखी खाली गेली. वर गणपती, मग कुलदैवत, मग नावं. थोरले चुलते, धाकटे चुलते, मावसभाऊ, साडू, जावई, मेलेल्यांच्या आधी कै. लावून तेही. मोजून त्रेसष्ट.

"काका, हे काय आहे?"

"भावकी."

"सगळी?"

"एक जरी राहिला ना म्याडम, तर मांडवाच्या दारातनं परत जातो. आमच्या चुलतभावाचा, कृष्णकांतचा नाव प्रणितच्या लग्नपत्रिकेत दोन ओळी खाली गेला, तर पाच वर्सं बोलला नाय."

बळीरामबाबांनी वेबसाइटची लग्नपत्रिका केली होती, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. गावाला कळवायचं म्हणजे असंच कळवायचं. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं : धवल्यांसाठी संपर्क, श्री. बळीराम गावंड.

वल्लरी हसली नाही. तिने विचारलं, "धवले तुम्ही गाता?"

"मी कशाला? आमची ही गाते."

"मग हिचं नाव कुठाय?"

बळीरामबाबांनी पान वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिलं. चाळीस वर्षं ते बायकोला 'अगो' म्हणत आले होते, चारचौघांत 'प्रणितची आय'. कृष्णकांतच्या व्याह्याचंही नाव पानावर होतं. जिच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, तिचंच तेवढं नव्हतं. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

"सर्वांत मोठा मथळा पानावर एकच द्यायचा असतो काका," वल्लरी हळूच म्हणाली. "पान ज्याचं, त्याचं नाव तिथे."

बळीरामबाबांनी एकेक नाव पुसलं. सगळी एकदम पुसता येतात हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि वल्लरीनेही सांगितलं नाही. मग मथळ्याच्या खुणांमध्ये लिहिलं : हौसा बळीराम गावंड, धवलारीण. खाली लिहिलं : चाळीस वर्षे गाते. माइक लागत नाही. हळद पहाटे असली तरी वेळेवर येते. शेवटी तिचा फोन नंबर. वल्लरीने ते पान इंटरनेटवर कसं चढवायचं ते दाखवलं.

कृष्णकांतला कळलंच. तो दारात येऊन म्हणाला, "भावकीतला एक पन नाव नाय?"

"नाय," बळीरामबाबा म्हणाले. "रुसायचा असंल तर रुस."

तीन आठवडे काहीच झालं नाही. बळीरामबाबा फोनकडे बघत बसत आणि हौसाबाई त्यांच्याकडे. मग एका दुपारी ती अंगणात करंज्याच्या बंदरावरून आणलेले बोंबील वाळत घालत असताना तिचा फोन वाजला. तो बळीरामबाबांनी उचलला.

"हौसाबाई गावंड आहेत का?" एक मुलगी विचारत होती. "मी समृद्धी. लग्न आहे माझं. धवलारीण शोधत होते, तुमच्या पानावर नाव मिळालं."

बळीरामबाबा धावतच अंगणात गेले. "अगो, फोन! तुना!"

हौसाबाईने पदराला हात पुसले. गाव कोणतं, आईचं माहेर कुठलं, हळद कधी, सगळं विचारून घेतलं. "येन ना गो बाय, का नाय येनार?" म्हणाली आणि फोन ठेवला.

"त्या पोरीला माजा नाव कोनी सांगितला?"

"मी लिवलाय. वेबसाइटवर. सगल्यात मोठा."

हौसाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, पण ओठांवर हसू होतं.

"सगल्या जगाला सांगितला," ती म्हणाली. "आता मना पन एकदा हाक मारा की."

बळीरामबाबांनी सून आसपास नाही ना ते पाहिलं, घसा खाकरला आणि हाक मारली. "हौसा."

हौसाबाईने ओ दिली.