ठकूला नळी लावणारा मी

नाक मुरडू नका, डूशचा डबा बोलतोय, बाईची जागा आतून धुवायचा. पांढऱ्या मुलाम्याचा, पत्र्याचा. बुडाशी तोटी, तोटीला रबरी नळी. भिवंडीच्या दुकानदाराने मला कागदात असं गुंडाळलं, जणू मी दारूची बाटली!

विकत घेतलं कशेळीच्या गुणाबाईने, धाकट्या जावेसाठी. झालं असं, की तिचा धाकटा दीर लडकू कापडाच्या लूमवरची ड्युटी करून घरी आला आणि म्हणाला, "सुकटीचा वास येतोय." घरात खरोखरच सुकट होती. पण त्याच्या बायकोने, ठकूने, ते स्वतःवर घेतलं. अंगावरून थोडं पांढरं जायचं, किंचित वास यायचा, सगळ्याच बायकांना येतो तसा.

गुणाबाईचं सगळं शास्त्र चुलीपाशी शिकलेलं. "मासळीच्या टोपाचा वास कशानं जातो? लिंबानं. मंग?" रोज माझ्यातल्या पाण्यात लिंबू पिळलं जाऊ लागलं. पुढे मीठ, मग साबण. मी खिळ्यावर डॉक्टरच्या ऐटीत लटकायचो.

वास वाढला. आता तो खरंच मासळीसारखा येऊ लागला. आग, खाज सुरू झाली. मग आणखी धुणं, आणखी वास. तेवढ्यात खारबावला ठकूच्या भावाची हळद आली. ही करवली!

"मी न्हाय येत. पोरी नाक धरतील."

गुणाबाई घाबरली. मला पुरावा म्हणून पिशवीत कोंबलं आणि ठकूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मला हुंगलं.

"यात काय घालता?"

"लिंबू, मीठ."

"ही बाई आहे की पापलेट?"

गुणाबाईला हसू आवरेना, ठकूला रडू. बाईंनी तपासलं आणि समजावलं. ती जागा आतून आपली आपण साफ राहते. तिथले चांगले जंतू डूशने वाहून जातात आणि वाईट माजतात. रोग वर गर्भाशयापर्यंत चढू शकतो. बाहेरून साधं पाणी पुरे. किंचित वास म्हणजे आजार नव्हे. वास वाढला, आग-खाज झाली तर सरळ दवाखान्यात यायचं. मग गोळ्या लिहून दिल्या.

माझा एवढा अपमान कधी झाला नव्हता. पण गोळ्या संपल्या आणि आग थांबली, हे मीच पाहिलं.

हळदीच्या सकाळी नवं लुगडं नेसून ठकू दारात अडली. "जाऊबाय, वास येतो का गो?"

"येतो. बाईचा येतो. चल आता!"

ती गेली.

माझी नळी कापली. हल्ली माझ्यात कोंबड्या पाणी पितात. बायांनो, एकच विनंती. लूमवरची ड्युटी संपवून लडकू सदरा काढतो तेव्हा कोंबड्यासुद्धा लांब पळतात. त्याला कुणी नळी लावत नाही. मग तुम्हीच का?