मोज्यांचा वास

धाकटी जाऊ विमानात प्रवाशांची सरबराई करायची आणि थोरली त्याच विमानांतली हवा तपासायची. घरात कौतुक मात्र एकटीचं. पाहुणे आले की सासूबाई सांगायच्या, "आमची धाकटी आकाशात असते." थोरलीबद्दल कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "तीही जाते कामाला." मग पोटात दुखणार नाही तर काय?

अशात धाकटीचे हात थरथरायला लागले. बोलता बोलता ती शब्द विसरू लागली. "विमानात ओल्या मोज्यांसारखा वास येतो, आतली हवा इंजिनातून येते, तिच्यात तेल मिसळतंय," असं तिने कामावर सांगितलं. झालं! तिचं नावच 'नाकवाली' पडलं. घरी नवरा म्हणाला, "कामाचा कंटाळा आला की असले वास येतात."

बाईने दुखणं सांगितलं की आधी तिला नाटकी ठरवायचं, ही रीत इतकी मुरलेली की तिची लाजही कुणाला वाटत नाही. थोरलीलाही वाटली नाही. खरं सांगायचं तर तिला आतून गारेगार वाटलं.

धाकटीच्या विमानाची तपासणी नेमकी थोरलीकडेच आली. हवा स्वच्छ निघाली की धाकटी खोटी ठरणार, नोकरी जाणार. आणि हवा स्वच्छ निघायचीच. कारण आधी दारं उघडून वारा खेळवायचा आणि मग हवेचा नमुना घेणारी नळी उघडायची, अशी तिथली पद्धत होती. थोरलीनेही आजवर तेच केलं होतं.

"उघडा दारं, लवकर आटपू," साहेब म्हणाले.

तिचा हात कडीपर्यंत गेला. सकाळी धाकटीला स्वतःच्या ब्लाउजचं बटण लावता येत नव्हतं, आणि थोरली दारातून नुसती बघत राहिली होती. ते आठवून तिला स्वतःचीच किळस आली.

"दारं बंदच राहू द्या, साहेब. इंजिन चालू करा."

"नळीत काय सापडेल आणि मग तुमच्या नोकरीचं काय होईल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय, म्हणूनच सांगतेय."

नळीत तेल सापडलं. संध्याकाळी धाकटी तिच्या गळ्यात पडली. "ताई, माझ्यासाठी केवढं केलंत!"

"उगीच मला देवी करू नकोस," थोरली म्हणाली. "तुझा हेवा मला कालही वाटत होता, आजही वाटतो. पण हेवा करायचा तर धडधाकट बाईचा करावा. तू आधी बरी हो."

"आणि तुमची नोकरी?"

"ती असेपर्यंत तपासणीआधी एकही दार उघडणार नाही."