चढावरची हवा

तळहातावर मावणारं ते टर्बोचं सुटं चाक... मोजकी पाती, प्रत्येकाला किंचित पीळ, निगुतीने करंजीला घातलेल्या मुरडीसारखा — पद्मनाभने ते बोटाने हलकंच फिरवलं. एवढंसं चाक, आणि याच्यापायी आपला सुपरचार्जर अडगळीत जाणार? ते ठरवायचंही आपल्यालाच. आनेकलच्या कारखान्यातून निघणाऱ्या नव्या छोट्या मालवाहू ट्रकच्या डिझेल इंजिनावर सुपरचार्जर बसवायचा की टर्बो, हे चहानंतर गुरुप्रसादसाहेबांना सांगायचं होतं.

बाकावर त्याचा सुपरचार्जर होता. गेल्या आयुधपूजेला हाताखालच्या अक्षराने लावलेलं कुंकू अजून खाचेत होतं. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा तो, पाय दाबला की लगेच हवा भरायचा. लगेच! या एका शब्दापायी किती रविवार गेले... बायको, अंजली, विचारायची, तुमचं इंजिनही जेवायला येतंय का? तो इंजिनाची थोडी ताकद खातो, हे पद्मनाभला ठाऊक होतं. घरचा माणूस दोन घास जास्त खाणारच, अशी तो स्वतःची समजूत घालत आला होता. टर्बो फिरतो बाहेर टाकलेल्या धुरावर, इंजिनाकडे फारसं काही मागत नाही — पण त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. आणि मडिकेरी घाटाच्या वळणावर भरली गाडी उभी असताना तेवढ्या वेळात ती मागे सरकली तर? हा त्याचा हुकमाचा एक्का होता.

“सर, स्वल्प मागे उभे राहा हं,” अक्षरा म्हणाली. इथल्याच शिवाजीनगरातल्या जुन्या मराठी घरातली ही मुलगी त्याच्याच हाताखाली तयार झालेली, आणि टर्बो तिचा. चाचणीत भार वाढवून चढाची नक्कल करायची असे, आणि तिने चढ निवडला होता तोही त्यानेच आखलेला, सगळ्यात अवघड.

काचेपलीकडे इंजिनावर भार आला. लागू दे धाप, पद्मनाभ मनात म्हणाला... लागू दे. हवेच्या दाबाची सुई चढली. थांबली नाही, अडखळली नाही, चढतच गेली.

“कसं जमवलंस गं?”

“तुमच्या चढामुळेच, सर. तोच समोर ठेवला. चाकाभोवती झडपा बसवल्या. इंजिन मंद असलं की त्या मिटतात, धूर जोराने येतो.” तिने सुईकडे पाहिलं. “पण तुमच्याइतकं लगेच नाही अजून. केसभर उशीर आहेच.”

त्याला तो उशीर कळलाही नव्हता. तिने सांगितला नसता तर कळलाही नसता... काय पोरगी आहे! जिंकता जिंकता स्वतःची उणी बाजू माझ्या हातात देते. आणि खरं सांगायचं तर सुई चढताना मला आनंदच झाला, आधी आनंद — वाईट वाटलं ते मागाहून, आणि तेही वाटायला हवं म्हणून वाटलं की काय कोण जाणे. इतकं देखणं काम आपल्या डोळ्यांदेखत झालं, आणि आपण धापेची वाट बघत बसलो होतो.

दारातून कुणीतरी निरोप दिला, साहेब वाट बघतायत.

“काय सांगायचं त्यांना, सर?” अक्षराने विचारलं. “सुपरचार्जर की टर्बो?”

“थांब जरा. पुन्हा एकदा लाव.”

“सरी, सर, लावते.”

तो काचेला अगदी खेटून उभा राहिला. चाक अजून मुठीतच होतं. इंजिन सुरू झालं, भार आला, आणि पद्मनाभच्या ध्यानात आलं, की त्याचे कान आता तो केसभर उशीर शोधत होते, आणि तेवढाही राहू नये असं त्याला मनापासून वाटत होतं.