एक पाऊल लांबचा चेंडू

मी एक जुनी बॅट आहे. पण मित्रांनो, बॅट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही आलं असेल ते आधी पुसून टाका. सामन्यात मला कुणी हातसुद्धा लावत नाही. माझ्या नावावर एकही धाव नाही. मी उंच आहे, सडपातळ आहे आणि इतकी हलकी आहे की नवखा माणूस मला उचलून हसतो. बेसबॉलच्या मैदानावर मला फंगो म्हणतात. सकाळी सरावाला कोच एका हातात मला धरतो, दुसऱ्या हाताने चेंडू जरासा वर उडवतो आणि माझ्याकडून खेळाडूंच्या दिशेने मारतो. ते धावतात, वाकतात, अडवतात, फेकतात. त्यांना घडवण्यात माझं आयुष्य गेलं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. एक आहे, पण ती शेवटी सांगेन.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या एका सुताराकडे झाला. तो खुर्च्यांचे पाय घडवायचा. मीसुद्धा कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलापाशी उभी राहिले असते, पण त्या दिवशी होबार्ट नावाचा बेसबॉल संघाचा एक मॅनेजर दारात आला आणि म्हणाला की याच लाकडाची एक लांब, बारीक बॅट करून दे. सुताराने मला लेथवर चढवलं, घासून घासून गुळगुळीत केलं आणि हातात तोलून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते मला अजून आठवतं.

होबार्ट मला टेनेसीच्या डोंगरांतल्या ब्लेडन फोर्क या गावी घेऊन आला. तिथला संघ म्हणजे शिडीची अगदी खालची पायरी. कोवळी पोरं यायची, बसमधून गावोगाव हिंडायची, स्वस्तातलं खायची आणि मोठ्या शहरातल्या मोठ्या संघाची स्वप्नं बघायची. काही वर जायची. बरीचशी घरी जायची. होबार्ट कडक माणूस होता. त्याच्या हातात असताना मला दया म्हणून काही ठाऊक नव्हतं.

त्याच्याच संघात वेंडेल टॅकेट नावाचा एक तरुण शॉर्टस्टॉप होता. बेसबॉलच्या मैदानाच्या चार कोपऱ्यांना बेस म्हणतात आणि शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला रखवालदार. सगळ्यात जास्त चेंडू त्याच्याकडेच येतात, तेही जमिनीवरून सरपटत, वेडेवाकडे उसळत. एका सकाळी होबार्टने माझ्याकडून टॅकेटला लांबलांबचे चेंडू मारले. दोन सुटले. त्याच संध्याकाळी त्याला सामान बांधायला सांगितलं. जाताना तो माझ्याजवळून गेला आणि त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मला फार वाईट वाटलं होतं.

बऱ्याच वर्षांनी तोच टॅकेट डोक्यावर पांढरे केस घेऊन कोच म्हणून परत आला. होबार्ट थकला होता. त्याने मला टॅकेटच्या हाती दिलं आणि तो आपल्या घरी निघून गेला. टॅकेटने मला उलटसुलट करून पाहिलं. मला वाटलं, आता हा मला चुलीत घालणार. पण त्याने खिशातला रुमाल काढून मला पुसलं.

त्यानंतरची वर्षं माझी सगळ्यात सुखाची. टॅकेट मला दर हिवाळ्यात जवसाचं तेल चोळायचा. मुठीवरची चिकटपट्टी झिजली की नवी गुंडाळायचा. पाऊस आला तर स्वतःची टोपी विसरायचा, मला विसरायचा नाही. तोंडात सूर्यफुलाच्या बिया चघळत, कुणाची तरी थट्टा करत, चेंडूकडे न बघता तो मला फिरवायचा आणि चेंडू जिथे हवा तिथेच जायचा. त्याचं बोट कुठे घट्ट झालं आणि कुठे सैल पडलं यावरून मला त्याच्या मनातलं कळायचं. माणसाला त्याच्या बायकोइतकं कुणी ओळखत नाही म्हणतात, पण टॅकेटने लग्नच केलं नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात एमोरी प्रुइट आला. आर्कान्सामधल्या, मासे पाळायचं तळं असलेल्या घरातला एकोणीस वर्षांचा पोरगा. मान लांब, कान मोठे, बोलणं कमी. त्याचे हात मात्र असे मऊ होते की चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये शिरताना आवाज करायचा नाही. तोही शॉर्टस्टॉपच. पहिल्याच सकाळी टॅकेटच्या बोटांत काहीतरी हललं आणि मला कळलं की या पोराने म्हाताऱ्याला गुंतवलं.

एमोरीची एकच अडचण होती. त्याला चेंडू मारता यायचा नाही. कधीतरी लागायचा, पण हलका. उरलेल्या खेळात तो असामान्य निघाला तरच त्याला वर जागा होती, नाहीतर उन्हाळा संपताना तळ्यावर परत. आणि हे ठरवायला गस लिंडक्विस्ट येणार होता.

लिंडक्विस्ट मोठ्या संघाचा पारखी. आमच्यासारख्या लहानसहान संघांत फिरून पोरं बघायची आणि वर जाऊन सांगायचं, कोण ठेवण्यासारखा आणि कोण नाही. एकेकाळी तो होबार्टच्याच संघात टॅकेटच्या शेजारी, दुसऱ्या बेसवर खेळलेला. गवती हॅट, मांडीवर उकडलेल्या शेंगांचा पुडा, आणि तोंडातून शब्द असा निघायचा जणू प्रत्येकाचं भाडं भरायचंय.

पहिल्या सकाळी तो कुंपणाजवळ खुर्ची टाकून बसला. टॅकेटने मला उचललं आणि त्याची मूठ मला निराळीच वाटली. चेंडू उडाला, मी फिरले आणि तो सरळ, सुबक उसळत एमोरीच्या ग्लोव्हमध्ये गेला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. मित्रांनो, त्या सकाळी एमोरीला जागचं हलावंसुद्धा लागलं नाही. एकही चेंडू सुटला नाही. संघातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. टॅकेट मला खांद्यावर टाकून शीळ घालत निघाला. इतकी माया मी कुठल्याही मनगटात अनुभवली नव्हती, आणि तरी मला आतून काहीतरी खुपत होतं. त्या मायेत मला होबार्टची ती जुनी सकाळ जाणवत होती. या पोराचं आपल्यासारखं होऊ नये, एवढंच टॅकेटला हवं होतं.

संध्याकाळी दोघे म्हातारे प्रेक्षकांच्या बाकांखालच्या कोचच्या खोलीत बसले. मी कोपऱ्यात उभी होते. टॅकेटने पोराचं कौतुक सुरू केलं ते थांबेचना. लिंडक्विस्ट शेंगा सोलत राहिला. शेवटी टॅकेटने विचारलंच, तुला काय वाटतं?

"हात गोड आहेत," लिंडक्विस्ट म्हणाला. "पायांचं मला काही कळलं नाही. चेंडू स्वतःच चालत त्याच्या घरी जात होते."

"एक तरी सुटला का?"

"नाही सुटला. नीटनेटका आहे पोरगा. पण नीटनेटके माझ्याकडे ढिगाने आहेत, टॅक. बॅट चालत नाही, आणि बाकीचं नीटनेटकं. असा मी कुठे ठेवू?"

तो उद्या दुपारी निघणार होता. तो खोलीतून गेल्यावर टॅकेट दिवा न लावता बसून राहिला. त्याने मला मांडीवर घेतलं, पण पुसायचं काही सुचलं नाही त्याला.

सकाळी इतर पोरं यायच्या आधी एमोरी मैदानावर हजर होता. टोपी हातात घेऊन कोचसमोर उभा राहिला. तो काय सांगायला आलाय हे टॅकेटला कळलं असावं, कारण त्याची माझ्यावरची मूठ आवळली.

"कोच, काल तुम्ही माझ्या ग्लोव्हमध्येच मारत होतात."

"मग? वाईट दिसलास का?"

"माझी आई मला अजून माशातले काटे काढून देते," एमोरी जमिनीकडे बघत म्हणाला. "घरी चालतं ते. इथे नका ना काढू."

टॅकेट रागावला. तोंडातल्या बिया थुंकून त्याने एमोरीला चांगलंच सुनावलं की काल आलेल्या पोराने आपल्याला शिकवू नये, या जागेवरून माणसं कशी घरी जातात ते आपण स्वतः भोगलंय. एमोरीने सगळं ऐकून घेतलं. मग टोपी घातली आणि आपल्या जागेवर जाऊन गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. लिंडक्विस्टची खुर्ची कुंपणाशी लागली होती.

टॅकेटचा हात होबार्टचा व्हायला तयार नव्हता. त्याने चेंडू उडवला, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, मार बाबा. मी फिरले. चेंडू एमोरीच्या उजवीकडे, हाताच्या टप्प्यापलीकडे गेला.

तो सुटला.

दुसरा डावीकडे, तोही सुटला. एमोरी पोटावर घसरला आणि त्याच्या हनुवटीला माती लागली. कुंपणापाशी शेंगा सोलायचा आवाज थांबला. टॅकेटने मला खाली टेकवलं. बास, एवढंच त्याच्या ओठांवर होतं. पण एमोरी उठला, सुटलेल्या चेंडूमागे धावला, तो उचलून पहिल्या बेसकडे भिरकावला आणि परत येता येता ओरडला, "तिथेच मारा, कोच. परत तिथेच."

टॅकेटने तिथेच मारला. या वेळी पोराचा पाय चेंडू निघायच्या आधीच निघाला होता. मारणाऱ्याच्या खांद्यावरून त्याला दिशा कळली होती. तो आडवा झाला, चेंडू ग्लोव्हच्या टोकाला अडकला आणि त्याने गुडघ्यांवरूनच तो फेकला. त्यानंतर टॅकेटने दया सोडली. लांब मारले, आखूड मारले, खडबडीत जागी मारले. काही सुटले, पुष्कळ सापडले, आणि सुटलेल्या प्रत्येकाच्या मागे तो पोरगा असा धावला जणू त्याचं वासरू दावं तोडून पळालंय. मी इतकी वर्षं मैदानावर काढली, पण आपण सुंदर आहोत असं मला त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं.

लिंडक्विस्ट खुर्चीतून उठून कुंपणाला टेकला होता. सराव संपल्यावर तो टॅकेटजवळ आला.

"आता दिसला," तो म्हणाला.

"किती सुटले ते नाही मोजलेस?"

"सुटायचेच. कुणाचे सुटत नाहीत?" लिंडक्विस्टने हॅट काढून डोकं खाजवलं. "तुला काय वाटतं, होबार्टने तुला दोन चेंडूंसाठी घालवलं?"

टॅकेटने मला जमिनीवर टेकवलं.

"दुसरा सुटल्यावर तू ग्लोव्ह काढून त्याच्या आत बघत बसला होतास. चेंडू तिकडे गवतात लोळत होता, मी जाऊन आणला. ग्लोव्हचं काय चुकलं होतं, टॅक?"

टॅकेटने गवताकडे पाहिलं. मग तो हसायला लागला. हसता हसता त्याने माझ्या मुठीने डोळे पुसले. ती चिकटपट्टी मी पुढे कितीतरी दिवस अभिमानाने मिरवली.

एमोरी वरच्या पायरीवर गेला, मग त्याहून वर. मोठ्या मैदानावर त्याला एक उन्हाळा मिळाला आणि दुसऱ्याचा अर्धा. मारायला तो शेवटपर्यंत शिकला नाही. पण त्या दीड उन्हाळ्यात डोंगरांतल्या रेडिओवर त्याचं नाव आलं की टॅकेट माझ्या टोकाने जमिनीवर ठोकायचा.

टॅकेट निवृत्त झाला तेव्हा माझ्या अंगावर एक उभी चीर गेली होती. त्याने मला कापडात गुंडाळून आर्कान्साला धाडलं. एमोरी आता गावच्या शाळेतल्या मुलांना शिकवतो. त्याने मला पाहिलं आणि माझ्या चिरेवरून बोट फिरवलं. मग त्याने बैठकीच्या भिंतीवर तांब्याचे दोन हूक ठोकले आणि मला त्यांवर आडवं निजवलं. दर रविवारी मऊ फडक्याने पुसायचा. पाहुण्यांना माझी गोष्ट सांगायचा आणि वर बजावायचा की हात लावू नका, चीर गेलीय तिला.

आता माझी ती तक्रार. मित्रांनो, त्या भिंतीवर मी फार दुःखी होते. खिडकीतून मुलांचा सराव ऐकू यायचा. ज्या पोराने माशातले काटे काढून नकोत म्हणून हट्ट धरला, त्यानेच माझे सगळे काटे काढून टाकले होते. त्याच्या मायेला मी नावं कशी ठेवू? पण माझा जीव घुसमटत होता.

गेल्या शरद ऋतूत टॅकेट काठी टेकत त्याच्याकडे राहायला आला. दारातूनच त्याची नजर भिंतीवर गेली.

"ही तिथे काय करतेय?"

"जपून ठेवलीय, कोच. चीर गेलीय ना तिला."

"मलाही गेलीय. मला कुठे टांगणार आहेस?"

एमोरी हसला, पण टॅकेट काठी भिंतीला लावून मला काढायला लागला होता. तुटेल ती, असं एमोरी काकुळतीने म्हणाला. टॅकेटने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"काटे काढतोस काय रे?"

एमोरीचे मोठे कान लाल झाले. तो मुकाट्याने आत जाऊन ग्लोव्ह घेऊन आला.

घरामागे तळ्याकाठच्या गवतात दोघे उभे राहिले. एकाचे गुडघे गेलेले, एकाचे हात कापणारे. टॅकेटने पहिला चेंडू उडवला आणि मी तो अलगद एमोरीच्या ग्लोव्हमध्ये पोचवला. एमोरीने फक्त चेंडू परत दिला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाट बघत राहिला. पुढच्या वेळी टॅकेटची बोटं माझ्यावर घट्ट झाली. चेंडू एमोरीच्या उजवीकडे, एक पाऊल लांब गेला. एमोरी झेपावला, गवतात आडवा झाला, चेंडू सुटून तळ्यात पडला. तो तसाच पडल्या पडल्या हसत होता आणि हसता हसताच ओरडला, "तिथेच मारा, कोच."

त्या दिवशी माझी चीर बोटभर वाढली. आता मी मागच्या दारापाशी उभी असते, टोकाला चिखल लागलेला असतो आणि सकाळी मुलांबरोबर मैदानावर जाते. मित्रांनो, आपल्या वस्तूंना तेल लावा, चीर गेली तर पट्टी गुंडाळा, पावसात बाहेर टाकू नका. पण आम्हाला भिंतीवर टांगू नका. मी आज ना उद्या तुटणार हे मला ठाऊक आहे. ज्या चेंडूवर तुटेन, तो चेंडू कुणाच्या तरी हातापासून एक पाऊल लांब जावा, एवढंच माझं मागणं आहे.